रंगांकडून यंत्रांकडे

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या खेड्यात २० जून १८६९ रोजी लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म झाला. वडील वेदान्ताचे व्यासंगी होते. घरात पोथ्यापुराणांचे वातावरण असे. पण लक्ष्मणाचे मन पाठांतरात मुळीच रमत नसे. चित्रे काढावी आणि हाताशी लागलेली वस्तू उलगडून तिची रचना न्याहाळावी, यांतच त्याचा वेळ जाई. थोरले बंधू रामूअण्णा यांनी धाकट्या भावाची ही ओढ ओळखली. त्यांच्या पाठबळावर १८८५ च्या सुमारास लक्ष्मण मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाला.

चित्रकार होण्याचे त्याचे स्वप्न फार दिवस टिकले नाही. रेखाटन सुरेख साधे. परंतु रंग भरण्याची वेळ आली की काहीतरी चुके. सुमारे दोन वर्षांनी कारण उमगले. त्याला काही रंगांतील भेद दिसतच नव्हते. हा दोष डोळ्यांतच जन्मतः असतो. कितीही सराव केला तरी तो जात नाही. ज्या विद्येसाठी घर सोडले, तिचे दारच असे बंद झाले. अशा वेळी पुष्कळ मुले खाली मान घालून गावी परततात.

लक्ष्मणराव परतले नाहीत. रंग गेले, तरी रेषा हाताशी उरली होती. यंत्राच्या आराखड्याला रंग लागत नाही. लागते ती अचूक रेषा, नेमके माप आणि वस्तूचा आतला भाग डोळ्यांसमोर उभा करण्याची शक्ती. ही शक्ती त्यांच्यापाशी भरपूर होती. त्यांनी यांत्रिक रेखाटनाचे शिक्षण घेतले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. फावल्या वेळी ते तेथल्या कार्यशाळेत यंत्रे हाताळीत आणि अमेरिकेतून येणारी यंत्रविषयक मासिके लक्षपूर्वक वाचीत.

त्या काळी सायकल हीदेखील नवलाची वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली बेळगावास पाठवीत. तेथे रामूअण्णा त्या विकीत आणि गिऱ्हाइकांना चालवावयासही शिकवीत. पुढे नोकरीत बढतीच्या प्रसंगी लक्ष्मणरावांना डावलण्यात आले. तेव्हा त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला व बेळगावची वाट धरली.

आता त्यांची दृष्टी रोजच्या साध्या गोष्टींवर खिळू लागली. शेतकरी गुरांपुढे अख्खा कडबा टाकी. गुरे पाने खात आणि जाड धाटे तुडवून वाया घालवीत. कडब्याचे बारीक तुकडे केले, तर गुरे धाटेही खातील, हे उघड होते. लक्ष्मणरावांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. त्यामागोमाग त्यांनी नांगर हाती घेतला. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. हरळी-कुंद्याची खोल मुळे तशीच राहतात. लोखंडी नांगर माती खोलवर कापून उलथी करतो. परदेशी बनावटीचे असे नांगर येत असत. पण आपल्या शेतकऱ्यासाठी तो आपल्याच कारखान्यात तयार व्हावा, अशी लक्ष्मणरावांची जिद्द होती.

नांगर तयार झाला, पण तो घेण्यास कोणी पुढे येईना. लोखंडाने जमिनीला विष चढते, असा शेतकऱ्यांचा समज होता. ज्या काळ्या आईवर साऱ्या घराचे पोट, तिच्यात अनोळखी अवजार घालावयास कोण धजेल? या भीतीला हसणे सोपे होते. लक्ष्मणराव हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पहिला नांगर विकला जाण्यास तब्बल दोन वर्षे लागली. तोवर भांडवल अडकून पडले, तरीही त्यांनी काम थांबविले नाही.

कोठे जम बसू लागला, तोच दुसरे संकट कोसळले. शहराच्या वाढीसाठी बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी होती. जमविलेली यंत्रे घेऊन जावे तरी कोठे?

याच सुमारास एका बांधकामाच्या निमित्ताने लक्ष्मणरावांचे सातारा जिल्ह्यातील औंध येथे जाणे-येणे होते. औंध हे लहानसे संस्थान होते. तेथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः उत्तम चित्रकार. रंगांनी ज्याला दूर लोटले, त्याच्या मदतीला अखेर एक चित्रकारच धावून आला, हा योग मोठा विलक्षण! औंध संस्थानचा मुलूख सलग नव्हता. त्याचा एक तुकडा दूर दक्षिणेस, कुंडल गावाजवळ होता. तेथील रेल्वे स्थानकालगतची ३२ एकर जमीन त्यांनी लक्ष्मणरावांना दिली आणि १०,००० रुपये कर्जाऊही दिले.

ती जमीन म्हणजे निवडुंगाचे रान. पाण्याचा तुटवडा, आणि पावलोपावली सापांचे भय. १९१० च्या मार्च महिन्यात लक्ष्मणराव काही कामगार व त्यांची कुटुंबे घेऊन या माळावर उतरले. प्रथम निवडुंग तोडला, मग निवारे उभारले. नुसता कारखाना बांधून ते स्वस्थ बसले नाहीत. तेथे गाव वसविणे हेच त्यांच्या मनात होते. या गावात त्यांनी शिवाशीव पाळू दिली नाही. शिक्षा भोगून आलेली माणसेही त्यांनी विश्वासाने पहाऱ्यावर नेमली. ज्याला इतर लोक निरुपयोगी म्हणून टाकून देत, ते हाती घेऊन पाहण्याची त्यांची सवय माणसांच्या बाबतीतही कायम होती.

पुढे येथून नांगर गावोगाव जाऊ लागले. त्यांच्या पाठोपाठ उसाचे चरक आले, पाणी उपसण्याचे पंप आले. त्यांचे पुतणे शंकरराव यांनी १९२० साली येथूनच ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले, आणि माळावरची ही वस्ती मराठी वाचकांच्या घराघरांत पोचली. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले.

कुंडलजवळचा हा भाग १९४९ साली दक्षिण सातारा जिल्ह्यात आला. १९६० पासून त्या जिल्ह्यास सांगली असे नाव आहे. पुण्याहून मिरजेकडे जाणारी गाडी तेथील लहानशा स्थानकावरून जाते. पूर्वी त्याला कुंडल रोड म्हणत. आता फलाटावरच्या पाटीवर किर्लोस्करवाडी असे लिहिलेले असते.