वैमानिक इंद्रलाल रॉय

इंद्रलाल रॉय याचा जन्म २ डिसेंबर १८९८ रोजी कलकत्ता येथे झाला. त्याचे वडील त्या नगरीतील नामवंत बॅरिस्टर होते. मुलांना उत्तम शिक्षण मिळावे म्हणून आई ललिताबाई त्यांना घेऊन लंडनला जाऊन राहिल्या. या बाई मोठ्या धीराच्या होत्या. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून १९११ साली लंडनमध्ये जी प्रचंड मिरवणूक निघाली, तीत हिंदी स्त्रियांसह त्याही सामील झाल्या होत्या. अशा मातेच्या छायेत इंद्रलाल वाढला. घरची माणसे त्याला लाडाने लॅडी म्हणत.

लंडनच्या सेंट पॉल शाळेत त्याचे शिक्षण झाले. पोहण्यात तो तरबेज होता, मैदानी खेळांतही मागे नसे. त्याला चित्रकलेचाही नाद होता, आणि यंत्रांची चित्रे काढण्यात तो रंगून जाई. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. विमानाचा शोध लागून त्या वेळी पुरती अकरा वर्षेही झाली नव्हती. लाकडी सांगाड्यावर कापड ताणून आणि तारांनी आवळून ती विमाने तयार करीत. ती आकाशात झुंजत आहेत, या वार्तांनी शाळेतील मुलांची मने भारून गेली. शिक्षण पुरे होताच विमानदलात जायचे, असा इंद्रलालने निश्चय केला.

परंतु निश्चय करणे वेगळे आणि परीक्षेत उतरणे वेगळे. वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या तरुणाची प्रथम वैद्यकीय तपासणी होत असे, आणि तीत नेत्रपरीक्षेला फार महत्त्व होते. याचे कारण उघड आहे. लढाऊ विमानात वैमानिक एकटाच बसे. त्याच्यावर छप्पर नसे, शत्रू जवळ आल्याची सूचना देणारे कोणतेही यंत्र नसे आणि इंग्रज वैमानिकाजवळ हवाई छत्रीही नसे. दूर ढगांच्या कडेला एखादा काळा ठिपका दिसला, तर तो पक्षी आहे, मित्र आहे की वैरी आहे, हे ओळखण्यास त्याच्यापाशी दोन डोळ्यांखेरीज काही नव्हते. तो ठिपका ज्याला आधी दिसे, त्याची जगण्याची आशा अधिक.

या नेत्रपरीक्षेत इंद्रलाल नापास झाला. दृष्टी सदोष असल्यामुळे त्याला घेता येणार नाही, असा निर्णय त्याला मिळाला.

दुसरा एखादा मुलगा हिरमुसला होऊन घरी बसला असता, आणि त्यात लाज वाटण्यासारखेही काही नव्हते. इंद्रलालला मात्र तो निर्णय पटेना. आपले डोळे चांगले आहेत, अशी त्याची खात्री होती. पण एका शाळकरी पोराच्या खात्रीला सैन्यात कोण विचारतो? तेव्हा त्याने असा विचार केला की, डॉक्टरचा निर्णय फिरवायचा तर त्याहून मोठ्या डॉक्टरचाच शब्द हवा. इंग्लंडमधील एका अग्रगण्य नेत्रतज्ज्ञाकडून पुन्हा डोळे तपासून घ्यावे, असे त्याने ठरविले. या मोठ्या तज्ज्ञाचे शुल्कही मोठे होते. इंद्रलालजवळ स्वतःची एक मोटारसायकल होती. अठरा वर्षांच्या मुलाला आपली फटफटी किती प्रिय असते, हे सांगावयास नको. त्याने ती विकून टाकली आणि पैसे उभे केले. त्या नेत्रतज्ज्ञाने डोळे काळजीपूर्वक तपासले आणि त्याच्या बाजूने अभिप्राय दिला. पहिला निर्णय फिरला. एप्रिल १९१७ मध्ये इंद्रलाल विमानदलात दाखल झाला आणि ५ जुलै रोजी त्याला सेकंड लेफ्टनंट हा हुद्दा मिळाला.

या काळी हिंदी माणसाला इंग्रजी सैन्यात अधिकारपद मिळणे अतिशय दुर्लभ होते. त्या विमानदलात इनेगिने हिंदी तरुणच होते. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे त्यांपैकीच एक. तेही १९१८ च्या जूनमध्ये युद्धात कामी आले. ज्या साम्राज्यासाठी हे तरुण प्राण पणाला लावीत होते, त्याच साम्राज्याच्या सत्तेखाली त्यांची मायभूमी होती, ही गोष्ट मात्र विसरता येत नाही.

फ्रान्समधील व्हाँदोम येथे इंद्रलाल विमानविद्या शिकला. स्कॉटलंडमधील टर्नबेरी येथे त्याने हवेतून मशीनगन चालविण्याचा अभ्यास केला. ऑक्टोबरच्या अखेरीस तो फ्रान्समधील ५६ व्या तुकडीत रुजू झाला. तेथे त्याला ताशी दोनशे किलोमीटरांहून अधिक वेगाने जाणारे एस. ई. ५ ए हे विमान मिळाले.

अवघ्या पाच आठवड्यांत, ६ डिसेंबर १९१७ रोजी, त्याचे विमान उतरताना कोसळले. इंद्रलाल बेशुद्ध झाला. असे सांगतात की, तो मृत झाला असे समजून लोकांनी त्याला शवागारात नेऊन ठेवले. रात्री तो शुद्धीवर आला आणि मोडक्यातोडक्या फ्रेंच भाषेत हाका मारीत दार ठोठावू लागला. प्रेतांच्या खोलीतून हाका येत आहेत हे ऐकून तेथील रखवालदाराची जी गाळण उडाली असेल, तिची कल्पनाच केलेली बरी!

तो वाचला खरा, पण ज्या वैद्यकीय परीक्षेतून तो एवढ्या कष्टाने पार पडला होता, ती पुन्हा त्याच्यापुढे उभी राहिली. विमान चालविण्यास हा अपात्र आहे, असा शेरा त्याच्यावर बसला. बरे होण्याच्या त्या कंटाळवाण्या महिन्यांत त्याने कागद आणि पेन्सिल हाती घेतली. आकाशातील झुंजी, गिरक्या घेणारी विमाने यांची चित्रे तो काढू लागला. त्यांतील पुष्कळशी आजही जपून ठेवलेली आहेत. जे हात विमान चालवू शकत नव्हते, ते विमाने रेखाटीत होते. त्याबरोबरच वरिष्ठांना विनवण्याचे कामही त्याने सोडले नाही. अखेर त्यांचे मन वळले आणि जून १९१८ मध्ये ४० व्या तुकडीत त्याची नेमणूक झाली.

येथे त्याला जॉर्ज मॅकेलरॉय या आयरिश कॅप्टनचा सहवास लाभला. तो हवाई युद्धातील मुरब्बी योद्धा होता. त्याच्या मार्गदर्शनाखाली इंद्रलालचे कौशल्य एकदम फुलून आले. ६ जुलै रोजी त्याला पहिला विजय मिळाला. ८ जुलैला तर त्याने चार तासांच्या आत तीन विमानांवर मात केली. १९ जुलैपर्यंत, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांत, त्याच्या नावावर दहा विजय नोंदले गेले. त्यांतील दोन त्याने सहकाऱ्यांसह मिळविले होते. ज्याच्या दृष्टीत दोष आहे असे ठरले होते, त्याच्याच डोळ्यांनी ही विमाने विस्तीर्ण आभाळातून हेरली होती.

तीनच दिवसांनी, २२ जुलै १९१८ रोजी, फ्रान्समधील कारव्हँ गावावरील आकाशात जर्मन फोकर विमानांशी त्याची गाठ पडली. त्या झुंजीत त्याचे विमान पेट घेऊन खाली कोसळले. त्या वेळी इंद्रलालला विसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्याचा गुरू मॅकेलरॉय हाही त्याच महिन्याच्या ३१ तारखेला मारला गेला. साडेतीन महिन्यांनी युद्ध थांबले.

सप्टेंबर १९१८ मध्ये इंद्रलालला मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक जाहीर झाले. हे पदक मिळविणारा तो पहिला हिंदी वैमानिक होय. फ्रान्समधील एस्तव्हेल या लहानशा गावाच्या दफनभूमीत त्याची समाधी आहे. त्याच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९९८ मध्ये, भारतीय टपाल खात्याने त्याच्या स्मरणार्थ तिकीट काढले. कलकत्त्याच्या भवानीपूर भागात त्याच्या नावाचा एक रस्ता आहे. तो इंद्र रॉय रोड म्हणून ओळखला जातो.