न्यूयॉर्कमध्ये मिळाली खोली, बडोद्यात आडव्या आल्या काठ्या; बाबासाहेबांना परदेशाने नेमकं काय दाखवलं?

भंडारा : १९५४ च्या उन्हाळ्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक लढवत होते. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि आजचा गोंदिया जिल्हाही त्यातच होता. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले, बाबासाहेब सुमारे ८ हजार मतांनी हरले. हा इतिहास जिल्ह्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. पण इथे मतं मागायला आलेल्या या नेत्याने त्याआधी ४० वर्षं जो प्रवास केला, त्यातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. परदेशात गेल्यावर त्यांना तिथे काय वेगळं दिसलं?

पहिला प्रवास मसूरपर्यंतचा

साल १९०१. भीमराव तेव्हा दहा वर्षांचे होते. वडील रामजी नोकरीच्या गावी होते. त्यांना भेटायला घरातली मुलं साताऱ्याहून रेल्वेने निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. नवे कपडे घातलेली ही मुलं महार आहेत हे कळताच स्टेशन मास्तर मागे सरकले. बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, तेही मुलांनी गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचं या अटीवर. सोबत जेवण भरपूर होतं, पण रात्रभर पाणी मिळालं नाही. त्यामुळे जेवणही तसंच राहिलं.

न्यूयॉर्कमध्ये काय घडलं?

१९१३ मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तेव्हा वय होतं २२ वर्षं. पहिली अडचण आली ती कुठल्याही भारतीय विद्यार्थ्याला आजही येते तीच, जेवणाची. हार्टले हॉल या वसतिगृहातलं जेवण त्यांना मानवलं नाही. आठवडाभरात त्यांनी मुक्काम हलवला. नंतर लिव्हिंगस्टन हॉलमध्ये राहताना नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी मैत्री झाली, ती आयुष्यभर टिकली.

पण सगळ्यात मोठा फरक जेवणात नव्हता. खोली मागताना, टेबलावर जेवायला बसताना, ग्रंथालयात पुस्तक घेताना आपण अस्पृश्य आहोत हे लक्षात ठेवावं लागत नव्हतं. परदेशातल्या मुक्कामात ती जाणीवच पुसली गेली होती, असं त्यांनी पुढे लिहिलं.

म्हणजे अमेरिकेत सगळे समान होते का? अजिबात नाही. त्याच काळात तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीयांसाठी रेल्वेचे डबे आणि शाळा वेगळ्या होत्या. बाबासाहेबांना याची जाण होती. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून या दोन्ही समाजांच्या प्रश्नांतलं साम्य मांडलं होतं.

खरा फरक परतल्यावर कळला

कोलंबियातून एम.ए. आणि मग लंडनमध्ये पुढचं शिक्षण सुरू असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली. ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईत परतले आणि करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला निघाले. बडोद्यात उतरताच एकच प्रश्न समोर होता. राहायचं कुठे?

हिंदू खाणावळीत जागा मिळणार नव्हती. एका पारशी धर्मशाळेत ते गेले. अंगात सदरा नाही, कमरेला कस्ती नाही, त्यामुळे ते पारशी नाहीत हे व्यवस्थापकाने ओळखलं. अखेर वहीत पारशी नाव लिहायचं ठरलं आणि रोज दीड रुपया भाड्याने वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर लोक दारात उभे राहिले. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला.

शहरात दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही सबब सांगून टाळलं. मुंबईची गाडी रात्री ९ वाजता होती. कोलंबियाची पदवी घेतलेला हा अधिकारी तोवर कामाठी बागेत बसून राहिला.

हे त्यांनी कोणासाठी लिहिलं?

पुढे १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तिथे पैशांची ओढाताण होती. घरमालकिणीचं तुटपुंजं जेवण आणि रात्री भाजलेले पापड यावर दिवस निघाले. मात्र ही अडचण गरिबीची होती. लंडनमधलं १०, किंग हेन्रीज रोड हे त्यांच्या वास्तव्याचं घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं.

मसूर, बडोदा असे अनुभव त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या इंग्रजी लेखनात मांडले. अस्पृश्यता म्हणजे रोजच्या जगण्यात नेमकं काय, हे परदेशी माणसाला समजावं यासाठी ते लिहिलं होतं. १९३४ मध्ये दौलताबाद किल्ल्यावर टाक्यातल्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून झालेला वादही त्यात आहे. हे लेखन पुस्तिका म्हणून प्रसिद्ध झालं ते १९९० मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर ३४ वर्षांनी.

भंडाऱ्याशी याचा संबंध काय?

ते भंडाऱ्यात प्रचाराला आले तेव्हा राज्यघटना लागू होऊन चार वर्षं झाली होती. तिच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता रद्द केली. अनुच्छेद १५ मध्ये तर ठिकाणांची नावंच आहेत : दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून सरकारी निधीतल्या किंवा जनतेसाठी असलेल्या विहिरीवर वा तलावावर कोणालाही अडवता येत नाही. तलावांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्यात या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

मसूरच्या रस्त्यावर न मिळालेलं पाणी, बडोद्यात न मिळालेली खोली. परदेशी पाहुण्याच्या नजरेला सहज न दिसणाऱ्या याच गोष्टी कायद्यात नावानिशी आल्या. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेबच होते.

आज भंडारा, तुमसर, साकोलीतली मुलं शिकायला पुण्या-बंगळुरूला आणि परदेशातही जातात. खोली शोधणं हेच त्यांचंही पहिलं काम असतं. तिथे आडनाव विचारलं जातं की फक्त भाडं आणि डिपॉझिट, एवढ्यावरून बाबासाहेबांच्या १९१७ पासून आपण किती पुढे आलो हे मोजता येतं.