पाच महिन्यांच्या पगाराची गिटार

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनात जन्मलेल्या एलिझाबेथ कॉटन या कृष्णवर्णीय मुलीने बालवयातच परक्या घरी घरकाम पत्करले. पगार महिन्याला पाऊण डॉलर. तो साठवून तिने पावणेचार डॉलरची ‘स्टेला’ गिटार घेतली. शिकवणारे कोणी नव्हते. डावखुऱ्या एलिझाबेथने ते वाद्य, तारा न बदलता, सरळ उलटे धरले. त्यामुळे खर्जाच्या तारा बोटांकडे गेल्या आणि सुरावट अंगठ्याकडे आली. तिला कोणी सुधारले नाही, हे संगीताचे भाग्यच! कोवळ्या वयातच तिने ‘फ्रेट ट्रेन’ हे गाणे रचले. पुढे संसार आला, ऐहिक गाणी सोडण्याचा चर्चचा आग्रह झाला आणि गिटार अनेक दशके सुटली.

वॉशिंग्टनमधील दुकानात काम करताना हरवलेली एक मुलगी त्यांनी आईच्या स्वाधीन केली. ती पेगी सीगर. त्या संगीतज्ञ कुटुंबाकडे कॉटन कामाला लागल्या आणि तिथल्या भिंतीवरची गिटार त्यांनी हाती घेतली. १९५७ मध्ये ‘फ्रेट ट्रेन’ ब्रिटनमध्ये गाजले, पण भलत्यांच्याच नावावर. हक्काचे श्रेय बऱ्याच खटपटीनंतर मिळाले. १९५८ मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, १९८५ मध्ये ग्रॅमी मिळाले. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले. ती उलटी वादनशैली आज ‘कॉटन पिकिंग’ म्हणून ओळखली जाते.