सहा हजारांचे मुखत्यारपत्र

गणेश वासुदेव जोशी हे नाव उच्चारले तर आज अनेकांना काहीच बोध होणार नाही. परंतु सार्वजनिक काका म्हटले की गेल्या शतकाआधीचे पुणे डोळ्यांपुढे उभे राहते. लोकांनी दिलेल्या उपाधीने माणसाचे आडनाव पुसून टाकावे, असा मान फार थोड्यांच्या वाट्याला येतो. हा मान काकांना विद्वत्तेमुळे किंवा वक्तृत्वामुळे लाभला नाही. लोकांचे काम करावयाचे तर ते पक्षकाराच्या कामाइतक्याच चोखपणे केले पाहिजे, ही वकिलाची शिस्त त्यांनी सार्वजनिक जीवनात आणली. त्यातून तो लाभला.

काकांचा जन्म १८२८ साली साताऱ्याचा. राज्य बुडून दहा वर्षे झाली होती. पोटासाठी ते पुण्यास आले आणि सरकारी कचेरीत साधे नोकर म्हणून राहिले. पुढे ती नोकरी सुटली, तेव्हा वकिलीची परीक्षा देऊन त्यांनी सनद मिळविली. विद्यापीठाची पदवी नाही, घराण्याचे पाठबळ नाही. परंतु कायद्याची उत्तम जाण आणि अशिलाविषयी कळकळ या बळावर त्यांचा चांगला जम बसला. मिळकत, प्रतिष्ठा आणि निवांत संसार एवढ्यावर समाधान मानायचे असते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता.

पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी त्या वेळी पुण्यात असंतोष होता. पंचांकडे गाऱ्हाणे मांडायचे कोणी आणि कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न उपस्थित झाला. दुसरा एखादा पुढारी चार प्रतिष्ठितांच्या सह्या घेऊन मोकळा झाला असता. काकांमधील वकिलाला ते पटणारे नव्हते. वकीलपत्रावाचून न्यायालयात उभे राहता येत नाही; मग लोकांच्या वतीने बोलणाऱ्याला लोकांचे मुखत्यारपत्र नको काय? २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली ती याच तत्त्वावर. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास प्रौढ माणसांचे मुखत्यारपत्र आणावे, असा दंडक घातला गेला. सुमारे सहा हजार लोकांनी पंचाण्णव प्रतिनिधींना आपल्या वतीने बोलण्याचा अधिकार दिला. औंधचे अधिपती श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी सभेचे अध्यक्ष झाले. परंतु कागद तयार करणे, सह्या गोळा करणे, माणसे जोडणे हे कष्टाचे काम काकांचे होते. मतदानाचा हक्क देशात कोणाला ठाऊक नव्हता, त्या काळी प्रतिनिधित्वाचा हा धडा एका गावच्या वकिलाने गिरविला.

१८७१ साली न्यायमूर्ती रानडे पुण्यास आले आणि काकांच्या उद्योगाला रानड्यांच्या प्रज्ञेची जोड मिळाली. शेतकऱ्यांच्या स्थितीची पाहणी झाली. पार्लमेंटात हिंदी लोकांना प्रतिनिधित्व मिळावे म्हणून अर्ज गेला. कोर्टकज्जात रयत नागवली जाते, हे व्यवसायामुळे जवळून पाहिलेल्या काकांनी लवाद कोर्टांचा पुरस्कार केला. ज्या व्यवसायावर आपले पोट, त्याच व्यवसायाचे उत्पन्न घटावे असा हा प्रयत्न होता. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात सभेची माणसे खेडोपाडी गेली आणि लोकांच्या हालअपेष्टांचा तपशील त्यांनी सरकारपुढे ठेवला.

स्वदेशीचे व्रतही त्यांनी असेच कृतीने पाळले. जानेवारी १८७२ मध्ये त्यांनी देशी वस्त्रे वापरण्याची शपथ घेतली, तेव्हा गांधीजी तीन वर्षांचेही नव्हते. १८७७ च्या दिल्ली दरबारात राजेरजवाडे जरतारी पोशाखांत मिरवत असताना सभेचे प्रतिनिधी म्हणून गेलेले काका जाड्याभरड्या खादीत होते. देशी मालाची दुकाने निघावीत म्हणून त्यांनी पदरमोड केली. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी स्त्रीविचारवती सभा काढून स्त्रियांना विचारविनिमयासाठी एकत्र आणले. सार्वजनिक हे विशेषण त्या घराच्या उंबऱ्यापाशी थांबत नव्हते.

खरी कसोटी मात्र १८७९ साली लागली. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने सरकार बिथरले होते. मे महिन्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा आगीच्या भक्ष्यस्थानी पडले; पुण्यातील सुशिक्षितांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले आणि रानड्यांची धुळ्याला बदली झाली. जुलैत फडके पकडले गेले. अशा वेळी त्यांच्या बाजूने उभे राहणे म्हणजे स्वतःवर व सभेवर राजद्रोहाचा संशय ओढवून घेणे होते. शिवाय काकांचा मार्ग अर्जविनंत्यांचा आणि कायद्याचा, फडक्यांचा शस्त्राचा. तरीही काकांनी वकीलपत्र स्वीकारले. महादेव चिमणाजी आपटे हेही बचावासाठी पुढे आले. फडक्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तो निकाल फिरणारा नव्हता. परंतु आरोपीचा मार्ग आपल्याला मान्य नाही म्हणून त्याचा बचावाचा हक्क नाहीसा होत नाही, हे काकांनी भयाने गप्प झालेल्या शहराला दाखवून दिले.

त्यानंतर वर्षही उलटते न उलटते तोच, २५ जुलै १८८० रोजी काकांचे निधन झाले. वय अवघे बावन्न. काँग्रेसची स्थापना त्यांना पाहता आली नाही. स्वदेशीच्या चळवळीचा वणवा पेटायला आणखी पंचवीस वर्षे लागावयाची होती. त्यांच्या नावावर मोठा ग्रंथ नाही की गाजलेले भाषण नाही. आहेत ते अर्ज, अहवाल, सह्यांचे कागद आणि एका संस्थेची घडी. जनतेच्या नावाने बोलणाऱ्यांची आज वाण नाही. परंतु हा अधिकार आपल्याला कोणी दिला, असा प्रश्न बोलण्यापूर्वी स्वतःला विचारणारे किती, याचा हिशेब मांडावयाचा झाला, तर पुण्याच्या या वकिलाचे स्मरण अटळ ठरते.