पेढी कुणाची?

आमच्या बँकेच्या शाखेत एक सागवानी टेबल होते. चार खणांचे, वर हिरवे रेक्झिन, आणि एवढे जड की ते हलवायला तीन शिपाई लागत. दरवर्षी मार्चअखेर आम्ही फर्निचरची वही तपासत असू. त्या वहीत या टेबलाची किंमत होती एक रुपया! घसारा काढता काढता आकडा शून्यावर येतो, पण वस्तू वापरात असेल तर ती वहीतून पुसता येत नाही, म्हणून नाममात्र रुपया ठेवायचा, अशी आमची पद्धत. बाजारात त्या सागवानाचे काय येईल, याच्याशी वहीला देणेघेणे नसते.

हे टेबल आठवण्याचे कारण, गेले वर्षभर मी एका माणसाच्या चरित्रात बुडालो आहे. आपल्याकडे बँका आणि कारखान्यांच्या बाहेर त्याचे नाव फारसे कुणी घेत नाही. व्यवस्थापनाच्या जगात मात्र ते आजही आदराने घेतले जाते. मार्विन बॉवर हे ते नाव. मॅकिन्झी या जगप्रसिद्ध सल्लागार पेढीला आजचे रूप दिले ते त्यांनी. जन्म १९०३ चा, मृत्यू २००३ चा.

त्यांच्यापर्यंत मी पोचलो तो आमच्या हेड कॅशियरमुळे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमच्या बँकेने सल्लागार नेमले होते. ती पेढी कोणती, हे इथे महत्त्वाचे नाही. पंचवीस-सव्वीस वर्षांची मुले, कडक इस्त्रीचे शर्ट, हातात घड्याळ. काऊंटरमागे उभी राहून व्हाउचर पास व्हायला किती मिनिटे लागतात ते टिपून घेत. आमचे हेड कॅशियर तीस वर्षे नोटा मोजलेले. आठवडाभर त्यांनी हा प्रकार पाहिला आणि मग माझ्या टेबलाशी येऊन हळूच विचारले की, साहेब, ही पोरे कुणाची? त्यांना आईबापांची नावे नको होती. या मुलांचा मालक कोण, हे हवे होते. आपल्या बँकेचे मालक सरकार, समोरच्या दुकानाचा मालक शेठ. तसा या पेढीचा कोण? मला उत्तर देता आले नाही. पुढे स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी कादंबऱ्या लिहायला बसलो, पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

बॉवर मूळचे ओहायो राज्यातले. जन्म सिनसिनाटीचा, वाढले क्लीव्हलँडला. वडील जिल्ह्याच्या दस्त-नोंदणी खात्यात अधिकारी, म्हणजे आपल्याकडच्या सब-रजिस्ट्रार कचेरीसारखे काम. घर मध्यमवर्गीय. मुलाने हार्वर्डमधून १९२८ साली कायद्याची पदवी घेतली. क्लीव्हलँडच्या जोन्स डे या नामांकित वकिली पेढीत शिरायचे, ही त्यांची आकांक्षा. पण गुण कमी पडले. मग त्यांनी हार्वर्डच्याच व्यवसायशाळेत आणखी दोन वर्षे काढली, तिथे चमकले आणि १९३० मध्ये जोन्स डेचे दार उघडले. नापास झाल्यासारखे वाटणारे वर्ष पुढे उपयोगी पडते, ते असे.

साल मात्र वाईट होते. महामंदीने कारखाने एकामागून एक बसत होते. बुडत्या कंपन्यांचे रोखेधारक समित्या नेमत, आणि तरुण बॉवर अशा अकरा कंपन्यांच्या समित्यांचे काम बघत. बँकेत थकीत कर्जांच्या फायली मीही वर्षानुवर्षे चाळल्या आहेत, त्यामुळे त्यांना तिथे जे दिसले ते वाचून मी चमकलो. या कंपन्यांचे प्रमुख मूर्ख नव्हते. कंपनी कशाने बुडते आहे, हे खालच्या माणसांना ठाऊक होते, पण ते वर सांगण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती आणि वरच्यांनाही विचारायची सवय नव्हती. हिशेब तपासायला ऑडिटर होते, कायदा सांगायला वकील होते. साहेबाच्या तोंडावर खरे सांगणारा मात्र कुणी नव्हता. तो व्यवसाय उभा करावा, हे बॉवर यांनी तिथेच मनाशी घेतले.

जेम्स मॅकिन्झी हे शिकागो विद्यापीठातले हिशेबशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी १९२६ मध्ये स्वतःच्या नावाने सल्ल्याची पेढी काढली होती. १९३३ मध्ये बॉवर त्यांच्या न्यूयॉर्क कचेरीत दाखल झाले. दोनच वर्षांनी खुद्द मॅकिन्झी पेढी सोडून शिकागोच्या मार्शल फील्ड या प्रचंड दुकानाचे प्रमुख झाले. आयुष्यभर दुसऱ्यांना सल्ला दिला, आता स्वतः गल्ल्यावर बसले. त्यांनी तिथे विभागच्या विभाग बंद केले, माणसे कमी केली, पुष्कळ शिव्याशाप घेतले, आणि १९३७ च्या नोव्हेंबरात अठ्ठेचाळिसाव्या वर्षी न्यूमोनियाने गेले.

पेढी पोरकी झाली. १९३९ मध्ये तिची फाळणी झाली: शिकागोचा भाग अँड्र्यू कर्नी यांच्याकडे, न्यूयॉर्कचा बॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे. आता पाटीवर नाव कुणाचे लावायचे? कुणीही म्हणेल, बॉवर आणि कंपनी. त्यांनी मृत माणसाचेच नाव ठेवले. पुढे १९४७ मध्ये त्या नावाचा संपूर्ण हक्क शिकागोवाल्यांकडून विकतही घेतला. यामागचा हिशेब व्यवहारी होता. पाटीवर ज्याचे नाव असते त्यालाच भेटायचा हट्ट गिऱ्हाईक धरते. मॅकिन्झी यांना भेटायला कुणी येणार नव्हते, म्हणून कुणालाही कुणाकडेही पाठवता येणार होते.

गिऱ्हाईक म्हटले मी, पण बॉवर यांच्या कचेरीत हा शब्द चालत नसे. अशील म्हणायचे. कंपनी म्हणायचे नाही, पेढी म्हणायचे. धंदा नाही, व्यवसाय. वकील-डॉक्टरांचा असतो तसा. १९५० ते १९६७ ते पेढीचे प्रमुख होते आणि त्या काळात शिस्त अशी की मोजे लांब हवेत, बसल्यावर पोटरी दिसता कामा नये, आणि डोक्यावर हॅट हवीच. साठच्या दशकात हॅटची फॅशन गेली. एके दिवशी बॉवर स्वतःच बोडक्याने कचेरीत आले. म्हणतात की, त्यानंतरही कित्येकजण दीड महिना हॅट घालून येत राहिले, साहेब खरेच विसरले की बदलले याची खात्री होईपर्यंत! खालच्याने वरच्याला बिनदिक्कत बोलावे, हा ज्यांचा उपदेश, त्यांच्याच दारात ही कथा घडावी याची मला मोठी मौज वाटते.

पटले नाही तर ते काम नाकारत. हॉवर्ड ह्यूज हा त्या काळचा अफाट श्रीमंत माणूस. त्याचेही काम त्यांनी घेतले नाही. नवीन माणसे ते अनुभवी म्हाताऱ्यांऐवजी थेट विद्यापीठातून घेत. काही वर्षांत जो वर चढला नाही, त्याने बाहेरची वाट धरायची. आमच्या काऊंटरमागे घड्याळ घेऊन उभी राहणारी मुले या परंपरेतली, हे मला फार उशिरा कळले.

आता हेड कॅशियरच्या प्रश्नाकडे. १९५६ मध्ये पेढीची कंपनी झाली आणि तिचे शेअर भागीदारांकडे आले. बॉवर यांच्याकडे अर्थातच मोठा वाटा. १९६३ साली ते साठ वर्षांचे झाले आणि त्यांनी आपले शेअर पेढीलाच परत विकले, तेही पुस्तकी किमतीला. बँकेबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पुस्तकी किंमत म्हणजे ताळेबंदात दिसते ती. टेबले, खुर्च्या, शिल्लक रोकड, येणे-देणे. सल्ल्याच्या पेढीजवळ खरी मालमत्ता असते नावाची, आणि नाव काही ताळेबंदात लिहिलेले नसते. म्हणजे मी माझ्या टेबलाचा रुपया घेतला आणि सागवान सोडून दिले, तसे हे झाले. बाजारभावाने विकले असते तर ते आणि त्यांची तिन्ही मुले पिढ्यान्‌पिढ्या श्रीमंत राहिली असती. पण मग पुढच्या भागीदारांना ती रक्कम उभी करायला कर्ज काढावे लागले असते, कर्ज फेडायला येईल ते काम घ्यावे लागले असते, आणि अशिलाला कटू सत्य सांगण्याची चैन परवडली नसती. बॉवर यांच्या पाठोपाठ जुन्यांनी पुस्तकी किमतीला शेअर परत करायचे, हा पायंडाच पडला. जो काम करतो तो मालक. काम संपले की मालकी संपली.

मी आयुष्यभर वारसांची भांडणे पाहिली आहेत. वडिलांच्या लॉकरवरून सख्खे भाऊ माझ्या केबिनमध्ये हमरीतुमरीवर आलेले आहेत. त्यामुळे या एका सहीपुढे मी आजही नतमस्तक होतो.

याच्या उलट काय घडते, तेही त्याच धंद्यात पाहायला मिळते. बूझ अ‍ॅलन ही शिकागोचीच, १९१४ सालची, मॅकिन्झीहून जुनी पेढी. १९४० मध्ये अमेरिकन नौदलाचे काम मिळाले आणि सरकारशी तिची कायमची गाठ बांधली गेली. १९७० मध्ये तिने शेअर बाजारात विकले, जमले नाही, १९७६ मध्ये भागीदारांनी ते परत विकत घेतले. २००८ मध्ये तिचा सरकारी कामाचा भाग कार्लाइल या गुंतवणूक कंपनीने घेतला आणि २०१० मध्ये तो पुन्हा बाजारात आला. एडवर्ड स्नोडेन २०१३ मध्ये सरकारी गुपिते घेऊन निघाला तेव्हा तो नोकर होता याच पेढीचा.

सरकारचे काम बॉवर यांच्या पेढीनेही केले. १९५२ मध्ये आयझेनहॉवर निवडून आले तेव्हा त्यांचा पक्ष वीस वर्षे सत्तेबाहेर होता. सरकारात कोणत्या खुर्च्या राष्ट्राध्यक्षांनी आपल्या माणसांनी भरायच्या, याची यादीच कुणाजवळ नव्हती. ती करण्याचे काम या पेढीला मिळाले. १९५८ मध्ये अंतराळसंस्था नासा निघाली. तिचे पहिले प्रमुख कीथ ग्लेनन हे क्लीव्हलँडच्या तंत्रसंस्थेतून आलेले, बॉवर यांच्या गावचेच म्हणायचे. त्यांनी संस्थेची घडी बसवायला मॅकिन्झीला बोलावले. नासाने कोणते काम स्वतः करावे आणि कोणते बाहेरच्या कंपन्यांना द्यावे, याचाही अभ्यास पेढीने १९६० मध्ये करून दिला. म्हणजे सरकारने बाहेरच्यांना किती आत घ्यावे, हे बाहेरच्यांनीच सांगायचे. यात लबाडी नव्हती, अभ्यासही चांगला होता. पण माझ्यातला बँकवाला इथे जरा खुर्चीत सरसावून बसतो. जामीनदारानेच कर्जाचा अर्ज मंजूर करावा, तसे वाटते.

बॉवर प्रमुखपदावरून उतरल्यावर, १९६८ मध्ये, बँक ऑफ इंग्लंडनेही पेढीला बोलावले. एका अमेरिकन पेढीने आमच्या तिजोरीत डोकवावे, म्हणून ब्रिटनमध्ये बरीच ओरड झाली होती. बॉवर स्वतः मात्र प्रमुखपद सोडूनही नव्वदीपर्यंत पेढीत येत राहिले. १९९४ मध्ये रजत गुप्ता, दिल्लीच्या आयआयटीचे विद्यार्थी, पेढीचे प्रमुख झाले. पहिलेच परदेशी जन्मलेले. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी तेव्हा किती कौतुक केले होते! प्रमुखपद सोडल्यानंतरच्या काळात एका बँकेच्या संचालक मंडळातली गुपिते बाहेर सांगितल्याबद्दल २०१२ मध्ये त्यांना शिक्षा झाली. हे पाहायला बॉवर नव्हते. २२ जानेवारी २००३ रोजी फ्लोरिडात ते गेले, शंभरीला काही महिने कमी असताना.

आणखीही एक गोष्ट पाहायला ते राहिले नाहीत, आणि ती मला अधिक लागते. पर्ड्यू या औषध कंपनीच्या वेदनाशामक गोळ्यांनी अमेरिकेत घरेच्या घरे व्यसनात बुडवली. त्या गोळ्यांचा खप वाढवायचा सल्ला मॅकिन्झी देत होती, आणि औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्यालाही तीच सल्ला देत होती. किमान बावीस सल्लागारांनी खाते आणि असल्या गोळ्या करणाऱ्या कंपन्या, दोघांचेही काम केले, असे अमेरिकन संसदेच्या समितीने २०२२ मध्ये दाखवून दिले. २०२१ मध्ये पेढीने राज्यांना ५७ कोटी ३० लाख डॉलर द्यायचे कबूल केले, डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारला आणखी ६५ कोटी.

ताळेबंदाच्या तळाशी आम्ही संभाव्य देण्यांची एक ओळ लिहीत असू. आज देणे नाही, पण उद्या दारात येऊ शकते, अशा रकमा. १९६३ मध्ये बॉवर यांनी नावाची किंमत घेतली नाही, कारण ती वहीत नव्हती. नावावर पुढे चढू शकणारे देणेही वहीत नव्हते. जुने भागीदार आपला रुपया घेऊन घरी गेले होते. ६५ कोटींचा भार आला तो आज पेढीत असलेल्यांवर. ज्याची मालकी पाच-पंधरा वर्षांचीच, त्याला वीस वर्षांनंतरच्या बदनामीची भीती कितपत वाटणार? बॉवर यांनी स्वतःच्या अंतरावरून माणसांची पारख केली, असे मला वाटते. त्यांना नाव जपण्यासाठी मालकीची गरज नव्हती. सगळ्यांचे तसे नसते.

आमचे हेड कॅशियर आता नाहीत. निवृत्तीनंतर ते गावी गेले, तिथेच वारले. ते टेबलही शाखेच्या नूतनीकरणात भंगारवाल्याकडे गेले. सल्लागारांच्या अहवालात जुने फर्निचर काढावे असे होते. त्या दिवशी मी वहीत त्या एका रुपयावर लाल शाईने रेघ मारली आणि बाजूला सही केली.