मागील पानावरून

१ मे हा आपला महाराष्ट्र दिन. १९९३ साली तो शनिवारी आला होता. त्या दुपारी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात, ट्रेंट नदीच्या काठावर, नॉटिंगहॅम फॉरेस्ट हा फुटबॉल क्लब शेफील्ड युनायटेडकडून ०-२ असा हरला आणि वरच्या श्रेणीतून खालच्या श्रेणीत ढकलला गेला. फुटबॉलच्या दुनियेत याहून मोठी नामुष्की नाही. पैसा जातो, नाव जातं, चांगले खेळाडू सोडून जातात. अशा वेळी लोक खुर्च्या फेकतात, मॅनेजरच्या नावानं शिमगा करतात. नॉटिंगहॅमच्या लोकांनी तसं काही केलं नाही. ते जागेवरून हललेच नाहीत. ज्याच्या हाताखाली संघ बुडाला, त्याच मॅनेजरच्या नावाचा त्यांनी गजर सुरू केला. पाहुण्या शेफील्डच्या मंडळींनीही त्यात सूर मिसळला. हिरवा स्वेटशर्ट घातलेला, लाल चेहऱ्याचा, ५८ वर्षांचा पण सत्तरीचा दिसणारा एक माणूस मैदानावर आला आणि हात उंचावून हे सगळं स्वीकारून गेला.

त्याचं नाव ब्रायन क्लफ. त्या दिवसाचं चित्रीकरण मी पुष्कळ वर्षांनी पाहिलं आणि तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यातून जात नाही.

आपण क्रिकेटवाले, म्हणून एक खुलासा करतो. आपल्याकडे क्रिकेट संघाचा मॅनेजर म्हणजे बराच काळ सामानसुमान, जेवणखाण आणि भत्ते सांभाळणारा गृहस्थ होता. अजित वाडेकरांसारखा एखादा अपवाद. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये मात्र तेव्हा मॅनेजर म्हणजे सर्वेसर्वा. खेळाडू विकत घेणार तो, विकणार तो, संघ निवडणार तो, आणि सामना हरला की शिव्या खाणारही तोच. बँकेतल्या शाखा व्यवस्थापकासारखंच म्हणा ना! फरक एवढाच, की आमचा ताळेबंद ३१ मार्चला लागायचा, त्याचा दर शनिवारी संध्याकाळी लागायचा.

क्लफचा जन्म २१ मार्च १९३५ चा, मिडल्सब्रो या पोलादाच्या कारखान्यांच्या गावातला. नऊ भावंडांत सहावा. वडील मिठाईच्या कारखान्यात साखरेचा पाक उकळण्याच्या कामावर. अकराव्या वर्षी मुलांची परीक्षा घेऊन हुशार आणि बिनहुशार अशी वाटणी करण्याची तेव्हा तिकडे पद्धत होती. तीत पोरगा नापास झाला. मग कारखान्यात नोकरी, हवाई दलातली सक्तीची सेवा, आणि या सगळ्यात फुटबॉल. आघाडीवर खेळायचा. मिडल्सब्रो आणि नंतर संडरलंड या दोन क्लबांसाठी लीगच्या २७४ सामन्यांत त्यानं २५१ गोल केले. फुटबॉल न कळणाऱ्यालाही हा आकडा कळावा. २६ डिसेंबर १९६२ रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, बरीशी सामना होता. चेंडूमागे धावताना तो गोलरक्षकावर आदळला आणि गुडघ्याचं स्नायुबंधन तुटलं. वय २७. पुढे त्यानं परतायचा प्रयत्न केला, तीन सामने खेळला, आणि संपलं.

तीस वर्षांचा असताना, १९६५ साली, त्याला हार्टलपूलचं मॅनेजरपद मिळालं. लीगच्या अगदी तळाशी घुटमळणारा, कायम कडका असलेला क्लब. क्लफनं बस चालवण्याचा परवाना काढला, काही काळ पगार घेतला नाही, दारूच्या गुत्त्यांत आणि कामगारांच्या क्लबांत फिरून निधी गोळा केला. अध्यक्षांचं त्याच्याशी बिनसलं. त्यांनी त्याला काढायचं ठरवलं, हा जाईना, आणि शेवटी संचालकच फिरले व अध्यक्षांनाच जावं लागलं. वरच्या माणसाशी भांडून टिकता येतं, हा धडा त्याला फार लवकर मिळाला. तो पुढे महाग पडला.

इथेच पीटर टेलर आला. हा मिडल्सब्रोचा जुना गोलरक्षक, क्लफचा मित्र. टेलरला माणसं हेरण्याची दृष्टी होती आणि हेरलेल्या माणसाकडून काम काढून घेण्याची हातोटी क्लफकडे. या जोडीनं १९६७ साली डर्बी काउंटी हा दुसऱ्या श्रेणीतला क्लब हाती घेतला, दोन वर्षांत वर आणला आणि १९७२ साली चक्क इंग्लंडचं विजेतेपद मिळवून दिलं. डर्बीच्या इतिहासातलं ते पहिलंच. पण क्लफची जीभ सैल. तो टीव्हीवर बोलायचा, वर्तमानपत्रांत लिहायचा, आणि कुणालाच सोडायचा नाही. अध्यक्षांनी लगाम घालायचं ठरवलं, तेव्हा ऑक्टोबर १९७३ मध्ये दोघांनी राजीनामे पुढे केले. संचालकांनी ते घेऊन टाकले.

मग डर्बीत जे झालं ते ऐकण्यासारखं आहे. सभा भरल्या, मोर्चे निघाले, खेळाडूंनी संचालकांना सह्यांचं पत्र दिलं. पुढच्या शनिवारी क्लफ प्रेक्षकांत येऊन उभा राहिला, लोकांना अभिवादन केलं आणि निघून गेला. संचालक ढिम्म. क्लफच्याच संघाचा जुना कप्तान डेव्ह मकाय याला त्यांनी नेमलं, आणि १९७५ साली त्याच्या हाताखाली डर्बी पुन्हा विजेता झाला. म्हणजे लोकांच्या चळवळीचा उपयोग शून्य.

मला स्वतःला डर्बीच्या मोर्च्यांचं फार कौतुक नाही. ज्या मॅनेजरची वसुली शंभर टक्के आहे, ज्याच्या शाखेत ठेवी वाढताहेत, त्याची बदली रद्द करा म्हणून गावची शिष्टमंडळं विभागीय कार्यालयात येतात, ती मी नोकरीत भरपूर पाहिली. त्यात व्यवहार असतो. नॉटिंगहॅमची जात निराळी.

तशी एकच घटना माझ्या पाहण्यात आहे. एका तालुक्याच्या गावी मी थकबाकीच्या तपासणीला गेलो होतो. गावाचं आणि बँकेचं नाव नको. तिथला शाखा व्यवस्थापक निवृत्तीला टेकलेला, घरी बायको आजारी, आणि दोन वर्षांत कर्जखात्यांचा विचका झालेला. संध्याकाळी मी उतरलो होतो त्या लॉजवर दहाबारा माणसं आली. यंत्रमागवाले, भाजीवाले, एक सायकल दुरुस्तीवाला. मला वाटलं, आता आकडे चुकीचे आहेत म्हणून भांडतील. छे! आकडे त्यांना मान्य होते. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं एवढंच सांगितलं की, १९७२ च्या दुष्काळात हाच माणूस याच शाखेत कनिष्ठ अधिकारी होता आणि तेव्हा तो घरोघर येऊन कागद करून देत असे. साहेबांनी तेही लिहावं. माझ्या अहवालाच्या छापील नमुन्यात त्याला रकाना नव्हता. मी आकडे लिहिले, कारण ते खरे होते. पण ती माणसं मात्र खातं वाचायची रीत मला दाखवून गेली. कुठलंही खातं चालू पानावर सुरू होत नाही. पहिली ओळ मागील पानावरून आणलेली असते.

क्लफच्या खात्यात नॉटिंगहॅमच्या लोकांनी काय आणलं होतं, ते आता पाहू. डर्बीनंतर त्याचे दिवस वाईट गेले. ब्रायटनमध्ये नामुष्कीचे पराभव झाले. १९७४ साली तो लीड्स युनायटेडमध्ये गेला. ज्या संघाला वर्षानुवर्षं त्यानं नावं ठेवली, त्याच संघाचा मॅनेजर! खेळाडू त्याच्याविरुद्ध, आणि या खेपेला टेलरही सोबत नव्हता. ४४ दिवसांत हाकलला गेला. जानेवारी १९७५ मध्ये तो फॉरेस्टमध्ये आला, तेव्हा हा क्लब दुसऱ्या श्रेणीत तेराव्या जागी होता. पुढच्या वर्षी टेलर परत येऊन मिळाला. १९७७ साली ते कसेबसे, तिसऱ्या क्रमांकानं, वर चढले आणि १९७८ साली थेट इंग्लंडचे विजेते झाले. १९७९ साली म्यूनिकमध्ये माल्मोला हरवून युरोपियन कप. १९८० साली माद्रिदमध्ये हॅम्बर्गला हरवून पुन्हा तोच कप. तीन लाखांच्या आतलं शहर! युरोपचं विजेतेपद दोनदा आणि स्वतःच्या देशाचं एकदाच, असा हा जगातला एकमेव क्लब आहे.

हे शहर आपल्याला तसं परकं नाही. सिटी ग्राउंडला लागूनच ट्रेंट ब्रिजचं क्रिकेट मैदान आहे, जिथं आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खाननं २००७ साली नऊ बळी घेऊन कसोटी जिंकून दिली. क्लफही क्रिकेटचा वेडा. जेफ्री बॉयकॉट त्याचा जिवलग. दोघांपैकी कोण जास्त हेकट, हे देवच जाणे.

हा माणूस संत नव्हता. जस्टिन फॅशनू या त्याच्या कृष्णवर्णीय खेळाडूला समलैंगिक असल्याच्या संशयावरून त्यानं फार वाईट वागवलं. १९८९ साली सामना संपल्यावर मैदानात घुसलेल्या पाठीराख्यांना त्यानं चक्क थोबाडीत मारल्या. दंड झाला ५,००० पौंड. आणि मार खाल्लेल्या पोरांनीच त्याची माफी मागितली! त्याच वर्षी १५ एप्रिलला हिल्सबरो मैदानावर, फॉरेस्ट आणि लिव्हरपूलच्या सामन्यात, चेंगराचेंगरी झाली. तिच्यातल्या मृतांची संख्या अखेर ९७ झाली. क्लफनं १९९४ च्या आत्मचरित्रात त्याचा दोष लिव्हरपूलच्या पाठीराख्यांना दिला. चौकशांनी ते खोटं ठरवलं आहे, आणि आपल्याला चुकीची माहिती मिळाली होती हे त्यानंही पुढे मान्य केलं. पण लिव्हरपूलमध्ये त्याचं नाव घ्यायची सोय उरली नाही. पाठीराख्यांचं प्रेम ज्याला एवढं मिळालं, त्यानं दुसऱ्यांच्या पाठीराख्यांबद्दल असं लिहावं, हे मला अजून पचत नाही.

उतरण कधी लागली? माझ्या मते टेलर गेला तेव्हा. १९८२ साली टेलर थकून निवृत्त झाला, पण काही महिन्यांत डर्बीचा मॅनेजर म्हणून परत आला. १९८३ साली त्यानं फॉरेस्टचा जॉन रॉबर्टसन हा खेळाडू क्लफला न सांगता नेला. त्यावरून दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. १९९० च्या ऑक्टोबरमध्ये टेलर वारला. समेट झाला नाही. क्लफ अंत्यविधीला गेला, आणि त्यानंतर त्याचं पिणं वाढत गेलं. १९९२ च्या उन्हाळ्यात बचावपटू डेस वॉकर इटलीला गेला. हंगामाच्या आरंभी टेडी शेरिंगहॅमलाही विकलं. त्यांच्या जागी तोलामोलाची माणसं आली नाहीत. ४२ पैकी २२ सामने हरले आणि संघ तळाला गेला. आघाडीवर क्लफचाच मुलगा नायजेल खेळत होता. बापाची घसरण पोरानं रोज जवळून पाहिली. त्याच हंगामात खाली गेलेला दुसरा एक क्लब म्हणजे क्लफचं जन्मगाव मिडल्सब्रो.

एप्रिलच्या अखेरीस त्याच्या दारूवरून वर्तमानपत्रांत उघड आरोप झाले आणि त्यानं हंगामाअखेर निवृत्त होत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा १ मेची गर्दी निरोपाला आली होती, हे खरं. पण निरोप कसा द्यायचा, हे तिचं तिनं ठरवलं.

इथे एक अवघड प्रश्न आहे, आणि तो टाळून चालणार नाही. या प्रेमानं क्लफचं भलं झालं का? मागील शिल्लक एवढी मोठी, की चालू खर्च कुणी मोजलाच नाही. संचालकांना दिसत होतं, सहकाऱ्यांना दिसत होतं. युरोप जिंकून देणाऱ्याला घरी बस म्हणणार कोण? दोन वर्षं आधी कुणी सांगितलं असतं, तर कदाचित क्लब वाचला असता आणि त्याचं यकृतही. पण हे सांगणं लोकांचं काम नव्हतं. तपासणी करणं संचालकांचं काम होतं, त्यासाठीच ते खुर्चीवर होते. त्यांनी लोकांच्या गजराआड तोंड लपवलं, असं माझं स्पष्ट मत आहे. तिकीट काढून उभा राहणाऱ्यानं हिशेब तपासावा आणि कृतज्ञही राहावं, ही अपेक्षा फार झाली. क्लफच्याच जुन्या संघातला फ्रँक क्लार्क मॅनेजर झाला आणि एका वर्षात फॉरेस्ट पुन्हा वर आला. म्हणजे आकाश कोसळलं नव्हतं.

२००३ च्या जानेवारीत क्लफवर यकृतरोपणाची शस्त्रक्रिया झाली. २० सप्टेंबर २००४ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, पोटाच्या कर्करोगानं तो डर्बीच्या रुग्णालयात गेला. शोकसभा डर्बीच्या कॅथीड्रलमध्ये व्हायची होती. येणाऱ्यांची संख्या पाहून ती फुटबॉलच्या मैदानावर हलवावी लागली. १४,००० च्या वर माणसं आली. डर्बी आणि फॉरेस्ट यांचं हाडवैर, पण त्या दिवशी दोन्हीकडचे लोक शेजारी शेजारी बसले. या दोन शहरांना जोडणाऱ्या रस्त्याला पुढच्या वर्षी क्लफचं नाव दिलं गेलं. २००८ साली नॉटिंगहॅमच्या बाजारचौकाजवळ त्याचा पुतळा उभा राहिला. पैसे पाठीराख्यांनी जमवले. पुतळा बार्बरानं, त्याच्या पत्नीनं, उघडला. अंगात तोच स्वेटशर्ट, आणि हात डोक्यावर जोडून लोकांना केलेलं अभिवादन.

डर्बीचा पुतळा दोन वर्षांनी झाला. त्यात टेलर त्याच्या शेजारी उभा आहे.