डेल्फ्टचा कापडवाला

अँटोनी व्हान लेव्हेनहूक (१६३२–१७२३) हा हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापड दुकानदार. १६६० पासून गावच्या कचेरीची व्यवस्था बघायचा, पुढे दारूची पिंपंही मोजायचा. ना डिग्री, ना लॅटिन. फक्त डच येत होती.

पण भिंगं बनवायचा भारी नाद! पाण्यात बारीक जीव वळवळतात, असं त्याने १६७६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. विश्वास बसेना. (कापडवाल्यावर कोण ठेवणार?) पठ्ठ्याने पाद्री वगैरे प्रतिष्ठितांच्या लेखी साक्षी पाठवल्या. १६७७ मध्ये रॉबर्ट हूकने तेच जीव स्वतः दाखवले, १६८० मध्ये हा फेलो झाला.

भिंगाची कृती मात्र मरेपर्यंत लपवली. हे मला खटकतं. २०२१ मध्ये त्याचा एक मायक्रोस्कोप न उघडता न्यूट्रॉननी तपासला. आत वितळवलेल्या काचेचा गोळा, हूकने छापलेल्या रीतीसारखाच!